दार ओढून घ्या

त्या हिवाळ्यात घरात मी सगळ्यात जास्त वेळा बोललो ते वाक्य एकच, "दार ओढून घ्या." बायको पाण्याचा तांब्या घेऊन आत आली, की दार. शेजारची वहिनी आईला बघायला आली, की वहिनी, आधी दार. मांजर शिरलं तरी माझं लक्ष मांजराकडं नसायचं, दाराच्या फटीकडं असायचं. पुढं पुढं माणसं यायचीच कमी झाली. आली तरी उंबऱ्याबाहेरूनच चौकशी करून परत फिरायची. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एक माणूस आत आलं, की संध्याकाळपासून जमवलेली ऊब बाहेर निघून जायची आणि ती पुन्हा जमवायला माझ्याकडं काही शिल्लक नसायचं.

खोली हिर्डोशीतली, आईची. आईला दमा. जन्मभर फुंकलेली चूल तिच्या छातीत जाऊन बसली होती. पावसाळ्यापर्यंत ती बरी होती, म्हणजे खोकत का होईना, पण नाचणीच्या वावरात जाऊन दुसऱ्यांच्या चुका काढण्याइतकी बरी होती. थंडी पडली आणि पहिल्याच गारठ्यात तिला भोरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. माणूस चांगला होता, बोलण्यात घाई नाही. म्हणाले, औषधं आणि श्वासाचा पंप दिलाय, पण यांची छाती आता फार सोसणार नाही. तुम्ही दोन गोष्टी सांभाळा. धूर अजिबात नको आणि गारठा अजिबात नको, पहाटेचा तर नकोच. पुन्हा असा जोर झाला आणि गाडी वेळेत मिळाली नाही, तर मला काही करता येणार नाही.

मी शहाण्यासारखी मान हलवली. एसटी धरणाच्या कडेनं वळणं घ्यायला लागली तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात हिवाळ्यात माणसाकडं दोनच गोष्टी असतात, एक तर धूर, नाहीतर गारठा. ज्याला गारठा नको तो धूर करतो. ज्याला धूर नको त्यानं गाव सोडून जावं. डॉक्टरांनी एका वाक्यात दोन्ही काढून घेतलं होतं आणि तिसरं काय ते सांगितलं नव्हतं. खिडकीशी आई बसली होती, कानटोपीवरून पदर घेऊन. तिला वाटत होतं आपण बऱ्या होऊन चाललोय.

गाव सोडायचंही करून बघितलं होतं. मी शिवऱ्याला हायवेवरच्या एका दुकानात काम करतो. पत्रे, पाईप, सिमेंट, घर बांधायला लागतं ते सगळं तिथं मिळतं. दुकानामागंच आमची भाड्याची खोली. दवाखान्यात ठेवायच्या आधी आईला तिथं आणलं होतं. तिथं गारठा कमी असतो हे खरं, पण ट्रकचा धूर आणि धुरळा दिवसरात्र. ती भिंतीकडं तोंड करून बसायची आणि खोकायची. एका दुपारी दुकानातून आलो तर पिशवी भरून ती रस्त्याकडेला एसटीची वाट बघत उभी. मी ओरडलो. ती म्हणाली, खोकायचंच हाय तर माझ्या घरात खोकंन. मग आम्ही दोघं नवरा-बायकोच तिच्याकडं जाऊन राहिलो. मी मोटरसायकलवर जाऊन येऊन काम करायला लागलो. पहाटेच्या धुक्यातून भोरपर्यंत जाताना बोटं सुन्न व्हायची, तेव्हा वाटायचं, मी जॅकेट घालून एवढा काकडतो, तर तिचं काय होत असेल.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमचं घर पूर्वी कौलारू होतं आणि आईचं आयुष्य वानरांशी भांडण्यात गेलं होतं. वानरं घाटाकडून उतरायची, कौलांवर नाचायची, फोडायची, आणि पावसाळ्यात त्या फुटक्या कौलांखाली आई पातेली मांडत फिरायची. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. पत्र्याचं घर व्हावं हे तिचं एकच मागणं होतं. शेवटी झालं. दुकानातूनच पत्रे नेले, वरून निळे, आतून पांढरेशुभ्र. कौलं गेली, वासे गेले, त्यांच्याखालचा पेंढ्यानं भरलेला माळा गेला. खोली एकदम उंच आणि उजेडाची झाली. पहिल्या पावसात आई कोरड्या जमिनीवर उताणी झोपून वर बघत होती. "वानरं बसत्यात का बग आता," म्हणाली, "पाय घसारतोय त्यांचा." पुढं कोणीही आलं की ती आधी मान वर करून दाखवायची.

पावसाला पत्रा उत्तम. पण थंडीत त्याच्यासारखा वैरी नाही. दिवस मावळला की तो गार पडायला लागायचा आणि पहाटेपर्यंत त्याचा गारठा पावसासारखा अंगावर उतरायचा. वर धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून सरळ आत. आईला पहाटे उबळ यायची. आधी बारीक शिट्टी, मग शिट्टीच्या मागून घरघर, मग ती उठून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून. ओठ काळेनिळे पडायचे. त्या वेळी बोलता येत नसल्यानं ती फक्त माझ्याकडं बघायची. मी तिच्या खाटेशी खाली झोपायचो. खरं तर झोपत नव्हतोच, शिट्टीची वाट बघायचो. रोज झोपताना एकच विचार, आज रात्री ती मरेल आणि ती खोली गार होती म्हणून मरेल. याहून मूर्ख कारण मला सुचत नव्हतं.

पहिल्यांदा आणला हीटर, लाल तारेचा. आमच्या टोकाला वीज म्हणजे नुसतं नाव. सगळ्या गावाचे दिवे लागले की तार विझत आलेल्या विडीइतकी लाल व्हायची. हात जवळ नेला तर ऊब लागे, हातभर लांब काही नाही. आणि जरा वारा सुटला की लाईट जायची ती सकाळी यायची. एका रात्री आळीतल्या आणखी दोघांनी विजेच्या शेगड्या लावल्या आणि डीपीतच काहीतरी उडालं. आळीभर अंधार. दुसऱ्या दिवशी लोकांनी मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण हीटरची चौकशी मात्र प्रत्येकानं केली. मी तो बांधून माळ्यावर टाकायला निघालो, मग आठवलं, माळा नाही.

मग फटी बुजवल्या. आईची जुनी लुगडी फाडून, चिंध्या कोंबून, वरून दुकानातल्या पुठ्ठ्यांनी आणि थर्माकोलच्या तुकड्यांनी. वारा थांबला. मला वाटलं जिंकलो. दोन दिवसांनी पहाटे आईच्या तोंडावर पाणी पडलं. दिवा लावून बघतो तर अख्ख्या पत्र्याला घाम सुटलेला. आम्हा तिघांचा रात्रभराचा श्वास वर जाऊन गार पत्र्याला चिकटला होता आणि थेंब थेंब गळत होता. गोधडी ओली, उशी ओली. ज्या पत्र्याखाली पावसाचा थेंब आला नाही त्याखाली आता आमचाच श्वास गळत होता. बायको हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्यावरही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, दाराबद्दलच असणार.

आई मात्र मान्यच करायची नाही. खोली गार आहे असं म्हणणं म्हणजे तिच्या घराला नाव ठेवणं. ती म्हणायची, मला कुठं थंडी वाजतीय, तुमालाच वाजतीय, तुमी शिवऱ्याची माणसं. आणि हे बोलताना दात वाजत असायचे. मला तिचा राग यायचा. आजारी माणसाचा राग येणं बरं नाही हे मला कळतं, पण यायचा. रात्रभर जीव मुठीत धरून बसायचं आणि सकाळी तिनं पत्र्याचं कौतुक करायचं, याला काय म्हणावं?

मार्गासनीला दिलेली आमची मुलगी रोज सकाळी फोन करून आजीची रात्र कशी गेली ते विचारायची. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. ताटलीत मेणबत्त्या पेटवायच्या, त्यावर मातीची कुंडी उलटी झाकायची, कुंडी तापते आणि लहान खोली रात्रभर उबदार राहते. बोलणारा माणूस इतका खात्रीनं सांगत होता की मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मेणबत्तीचा धूर तो काय असणार, असं मी स्वतःलाच समजावलं. बुडत्या माणसाला काय दिसतं ते बुडत्यालाच माहीत. बायकोनं भोरच्या बाजारातून कुंडी आणली. मेणबत्त्या आणायच्या राहिल्या, कारण त्या घरात होत्याच. आम्ही बौद्ध. आई रोज संध्याकाळी भगवंताच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना घ्यायची आणि पौर्णिमेसाठी म्हणून एक मोठं पुडकं फळीवर नेहमी जपून ठेवलेलं असायचं. अगरबत्ती डॉक्टरांनी बंद केली होती. मेणबत्तीबद्दल ते काही बोलले नव्हते.

मी पुडकं काढलं तशी आईनं विचारलं कशाला. सांगितलं. ती म्हणाली वंदनेच्या मेणबत्त्या अशा कामाला लावायच्या नाहीत. मी म्हणालो उद्या दुसऱ्या आणतो. ती म्हणाली मग उद्याच लाव. असं बरंच झालं. शेवटी तिनंच तोड काढली. "आदी वंदना हू दे," म्हणाली, "मंग ठेव कुंडीखाली. वंदना झाल्याव त्यांचा उबारा घेतला तर कोन न्हाई म्हनत न्हाई." त्याप्रमाणं आम्ही सगळ्या मेणबत्त्या तसबिरीपुढं एका परातीत लावल्या, हात जोडून वंदना घेतली, आणि ती पेटती परात उचलून खाटेशेजारी आणून वर विटांच्या आधारानं कुंडी झाकली. थोड्या वेळानं कुंडी खरंच तापली. आईनं तिच्यावर तळवे धरले आणि त्या थंडीत पहिल्यांदा म्हणाली, बरं वाटतंय. मला रडू आलं. मी ते पाणी प्यायच्या निमित्तानं लपवलं.

झोपताना मेणबत्त्या विझवायचं माझ्या मनात होतं. सगळी रात्र पेटती परात खोलीत ठेवायची हिंमत नव्हती. पण मी वाकलो तशी आई उठून बसली. वंदनेच्या मेणबत्तीला फुंकर घालायची नाही, ती आपसूक विझू द्यायची, हा तिचा नेम माझ्या लहानपणापासूनचा. आमच्या घरात कुणी कधी ती फुंकलेली नाही. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मग तिचे ते कुंडीवर धरलेले तळवे आठवले, आणि म्हटलं, असू दे. वंदना घेतली नसती तर त्या नुसत्या मेणबत्त्या राहिल्या असत्या आणि मी त्या विझवल्या असत्या. वंदना घेतली म्हणून त्या जळत राहिल्या.

कुंडीखालची उष्णता वर जाते तशी खालीही राहते. रात्रीत कधीतरी सगळं मेण वितळून परातीत त्याचं तळं झालं आणि ते तळंच पेटलं. मला जाग आली ती खोकल्यानं, आईच्या नाही, माझ्याच. कुंडीच्या बुडाच्या भोकातून ज्वाळा येत होती आणि खोलीत काळा धूर भरला होता. मी जवळचा तांब्या उचलून पाणी ओतलं. ज्वाळा एकदम कमरेइतकी उसळली, माझ्या हातावरचे केस जळले, कुंडी तडकली, आणि मग पांढरा, तेलकट, घशात चिकटणारा धूर झाला. आग विझली. पण एकही फट मी शिल्लक ठेवली नव्हती, सगळ्या माझ्याच हातानं बुजवलेल्या. आई खाटेवर दोन्ही हात रोवून बसली होती आणि शिट्टीसुद्धा वाजत नव्हती, एवढी छाती बंद झाली होती.

दार उघडलं. उघडावंच लागलं. मी सताड उघडलं, खिडकीतल्या चिंध्या ओढून काढल्या, आणि बाहेरचा गारठा आत आला. त्या एका रात्री डॉक्टरांनी सांगितलेलं धूर आणि गारठा दोन्ही मी तिला एकदम दिलं. बायकोनं पंप तोंडात धरला, तो आत ओढायला आईला श्वास नव्हता. शेजाऱ्यानं जीप काढली. धरणाच्या कडेची वळणं संपेनात. मी तिला मांडीवर बसतं धरून होतो आणि तिच्या कानात काय वाटेल ते बोलत होतो, की पत्रा चांगला आहे, तुझं घर सगळ्यात चांगलं आहे, आपण परत जाऊ. भोरला पोचलो तेव्हा ती जिवंत होती. डॉक्टरांनी विचारलं धूर कशाचा. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या खेपेला ती बरेच दिवस दवाखान्यात राहिली. तिथं उठून बसायला लागली तेव्हा तिनं पहिल्यांदा काय विचारावं, तर कुंडी फुटली का. फुटली म्हटलं. मग म्हणाली मेणबत्त्यांचा राग धरू नको. मी म्हणालो राग धरायला मला माझा मी आहे, मेणबत्त्या कशाला. ती हसली. तिच्या गळ्यातून हवा नीट जात नव्हती तरी हसली. मला तिला पुन्हा त्या खोलीत न्यायची धास्ती वाटत होती आणि दुसरं कुठं न्यायला जागा नव्हती. मुलीच्या सासरी नेऊ म्हटलं तर तिथंही चूल आणि तोच गारठा, आणि आईनं तर ऐकूनच घेतलं नाही. शेजारची वहिनी म्हणाली, शेरडं बांधा खोलीत, त्यांच्या अंगाची ऊब लई. मी त्यावरही एक पूर्ण दिवस विचार केला. मग शेरडांच्या केसांनी आणि मुताच्या वासानं तिचं काय होईल ते आठवून सोडून दिलं.

ती दवाखान्यात असतानाच मी आणि बायकोनं खोलीचं सगळं काम उरकलं. दुकानात सुट्टी टाकली. मालक कुरकुरला, मी ऐकलं नाही. आधी पत्र्यावरची मेणबत्त्यांची काजळी पुसून काढली. बांबू तोडून आणले आणि खाटेवर वाकून उभं राहता येईल एवढ्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकले. आळीत फिरून भाताचा पेंढा मागितला. मोकळा पेंढा नको, त्याची बारीक कूस उडते, ती छातीला वाईट, म्हणून खताच्या रिकाम्या गोण्या धुऊन वाळवल्या, त्यांत पेंढा ठासून तोंडं शिवली आणि त्या बांबूंवर शेजारी शेजारी रचल्या. उरलेल्या गोण्यांत भाताचं तूस भरून त्या वाऱ्याकडच्या भिंतीला लावल्या. खाटेला मच्छरदाणी बांधून तिच्यावर तीन बाजूंनी गोधड्या सोडल्या, चौथी बाजू श्वासाला उघडी. परसात, घरापासून लांब, चुलीवर पाणी तापवायचं आणि काचेच्या बाटल्यांत भरून, फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवायचं. विटाही तापवून पोत्यात गुंडाळून खाटेखाली सरकवायच्या. भिंतीच्या वरच्या बाजूला दोन फटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या, घाम जायला. पहिल्या रात्री आम्ही दोघं त्या खोलीत नुसते झोपून बघितलं. पहाटे उठलो तेव्हा नाक गार नव्हतं. बायको म्हणाली, "अवो, झालं की." काय झालं होतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं. आम्ही पाडलेला माळा गोण्यांचा करून पुन्हा बांधला होता.

आईला घरी आणलं. दारातच ती थांबली. नेहमीप्रमाणं मान वर केली आणि वर खताच्या गोण्या. छाप उलटे, शिवण वाकडी, मध्येच एखादी पेंढ्याची काडी बाहेर आलेली. खाटेवर बसवली, गोधड्यांचे पडदे सोडले, तर तिनं हातानं बाजूला सारले. म्हणाली मला जित्तेपणी झाकून टाकू नका. पडदा अर्धा वर बांधला. मग ती बराच वेळ वर बघत राहिली. "माजं घर कुटं गेलं रं?" म्हणाली. मी म्हणालो, आहे की वर, गोण्यांच्या वर आहे. ती म्हणाली, मला दिसंना झालंय. मी म्हणालो, उन्हाळा लागला की काढतो. सगळं काढतो, पत्रा पुसून देतो. ती म्हणाली, काढ बरं का, इसरू नगं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले असं म्हणायला मन धजत नाही, पण रात्री निभल्या. पहाटेची शिट्टी यायची आणि शिट्टीवरच थांबायची. मी एका डुलकीनंतर उठून तिचे पाय चाचपायचो. कोमट असले की झोपायचो. बाटली गार झाली की बायको उठून परसात जायची, चुलीतला विस्तव फुंकून पाणी तापवायची, आणि परत आत येताना एवढीशी फट करून अंग आखडून शिरायची, मी ओरडू नये म्हणून. मी तरीही ओरडायचो. दार ओढून घ्या. आई गोधड्यांच्या आतून माझी नक्कल करायची, दार वडून घ्या, दार वडून घ्या, आणि खोकायची. तिला खोलीची ऊब आवडत होती, हे ती कधी म्हणाली नाही. दिवसा मात्र ती आम्हाला उन्हात ओसरीवर बसवायला सांगायची आणि तिथून वाकून छपराची निळी कड बघायची. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कड दाखवायची.

थंडी उतरणीला लागली होती. दुपारी ऊन चटकायला लागलं होतं, करवंदीला फुलं आली होती. मी मनातल्या मनात दिवस ढकलत होतो, आणखी थोडे, आणखी थोडे, मग गोण्या काढू. एका पहाटे जाग आली ती शिट्टीनं नाही. शिट्टी नव्हती. मला वाटलं, पहिल्यांदाच तिला शांत झोप लागलीय. खोली छान उबदार होती. मी पडून राहिलो, तेवढंच समाधान घेत. मग सवयीनं हात वर करून गोधडीखाली घातला. पायाशी ठेवलेली बाटली अजून कोमट होती. पाय नव्हते.

बायकोला उठवलं. तिनं आईच्या नाकाशी हात धरला आणि मग खाली बसली. आम्ही दोघंही मोठ्यानं रडलो नाही. कितीतरी वेळ आम्ही त्या उबेतच बसून होतो, कारण काही करायचं म्हणजे दार उघडायचं होतं. मला आईवर राग आला, डॉक्टरांवर आला, थंडीवर आला. मी सगळं नीट केलं होतं. वारा नव्हता, धूर नव्हता, पत्रा गळत नव्हता. खोली गार होती म्हणून ती मरेल, ही भीती मी सगळा हिवाळा वागवली, आणि ती चांगल्या उबदार खोलीत गेली. आता दोष द्यायलाही काही उरलं नव्हतं.

उजाडायच्या आत मी स्टुलावर चढलो. बायको म्हणाली हे काय करताय, लोकं यायचीत. मी एकेक गोणी ओढून खाली टाकली. बांबू सोडवले, मच्छरदाणी सोडली, चिंध्या ओढून काढल्या. कूस उडाली ती उडाली, आता तिला काही होणार नव्हतं. गोण्या परसात फेकल्या आणि वरचा गारठा एकदम खाली उतरला, ओळखीचा. पत्र्यावर धूळ नव्हती, पुसायची गरजच पडली नाही. उजाडता उजाडता वरून पांढराशुभ्र पत्रा आईच्या तोंडावर उजेड टाकत होता. तिला उताणी झोपवली.

मग माणसं यायला लागली. शेजारचे आले, मार्गासनीहून मुलगी आली, जी माणसं उंबऱ्यावरून परत जायची ती सगळी आत आली. तसबिरीपुढं मेणबत्ती लागली. कुणीतरी आत शिरलं, की बायको दाराशी उभी होती ती मागून दार ओढून घ्यायची. पुन्हा कुणी आलं, की पुन्हा ओढून घ्यायची. डोळ्यांना पदर लावलेला आणि दुसरा हात कडीवर. एवढ्या दिवसांत मीच तिला ती सवय लावली होती. मी उठून तिच्यापाशी गेलो आणि तिचा हात कडीवरून काढला.

"राहू दे उघडं," मी म्हणालो.